घंटेमागून गेलेली माणसे

पूर्वी अपरान्तात सुवेल नावाच्या बंदरावर अंबुधर राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व मीठ वाहणाऱ्या एका तांड्यात गायीच्या पोटी जन्माला आला. गाय वासराला चाटून कोरडे करते न करते तोच गेली. तांड्याचा नायक पालित याची आई भद्रा हिने त्या पोरक्या वासराला आपल्या पदराखाली घेतले. ती तांदळाची पेज करायची, बोट त्यात बुडवायची आणि वासराच्या तोंडात द्यायची. महिनाभराने ते बोट जोरात चावले गेले, तेव्हा ती ओरडली, "मेल्या, आता गवत खा की!" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पेज घेऊन बसली.

वासरू पांढरे होते आणि अंगावर कवडीसारखे तपकिरी ठिपके होते, म्हणून त्याचे नाव कवड्या पडले.

पालितचा तांडा समुद्राकाठचे मीठ घाट चढवून वर न्यायचा आणि वरचे धान्य खाली आणायचा. दोनशे बैल, प्रत्येकाच्या पाठीवर दोन गोण्या, आणि सगळ्यांच्या पुढे एक पुढारी बैल. पुढाऱ्याच्या गळ्यात कवड्यांची माळ आणि पितळी घंटा. घाटात धुके उतरले की समोरचे शेपूट दिसत नाही; मागचे सगळे त्या घंटेच्या आवाजावर चालतात. कवड्या पाच वर्षांचा झाला तेव्हा माळ त्याच्या गळ्यात आली.

पुढारी बैलाबद्दल तांड्याचा जुना कायदा होता. त्याला काठी लावायची नाही. त्याचे दावे ओढायचे नाही. तो वाटेत बसला तर सगळा तांडा बसला, आणि तो आपण होऊन उठेपर्यंत कोणी पाऊल पुढे टाकायचे नाही. माणसाला जे दिसत नाही ते त्याला कळते, असा वाडवडिलांचा अनुभव होता. कवड्या आयुष्यात दोनदाच बसला होता. एकदा पुढच्या वळणावर वाघीण होती, एकदा दरड कोसळायची होती. तेव्हापासून तांड्यातले लोक त्याच्याविषयी जरा जास्तच बोलत. "आमच्या कवड्याला वाघाचा वास तीन कोसांवरून येतो," असे ते परक्या तांडेकऱ्यांना सांगत, आणि दरवर्षी त्यात एक कोस वाढे.

त्याच कायद्याची दुसरी बाजूही होती. पुढाऱ्याने बारा चढणी पुऱ्या केल्या की त्याची शिंगे रंगवून त्याला घाटमाथ्यावरच्या नदीकाठच्या कुरणात कायमचे मोकळे सोडत. पण कारण नसताना तो बसला, लोकांची फसगत केली, तर माळ काढून त्याला तेल्याच्या घाण्याला जुंपत. मग डोळ्यांना झापड आणि मरेपर्यंत तीच ती वर्तुळाकार वाट.

कवड्याच्या अकराव्या चढणीला तांड्याबरोबर कल्याणक नावाचा एक माणूस होता. तो तीन वर्षे येत होता. समुद्राकाठच्या वाड्यांवरून माणसे गोळा करायची, त्यांना वर चांगले काम आहे म्हणून सांगायचे आणि तांड्याच्या सोबतीने घाट चढवायचे, हा त्याचा धंदा. बोलायला इतका गोड की त्याच्याशी भांडायला गेलेला माणूस त्याला जेवायला बोलावून परत यायचा. त्या वर्षी त्याच्याबरोबर बावीस जण होते, त्यांत केतक नावाचा एक मीठकामगार होता. केतक सगळी वाट कवड्याच्या शेजारून चालला. घंटेच्या पट्ट्याखाली मानेवर एक जागा असते. तिथे बैलाची जीभ पोचत नाही आणि शिंगही पोचत नाही. केतकने ती जागा न सांगता ओळखली आणि घाटभर खाजवली. "परतीला फाल्गुनात भेटू रे," असे म्हणून तो घाटमाथ्यावरच्या बोरीच्या फाट्यावरून इतरांबरोबर कल्याणकच्या मागून गेला.

फाल्गुनात तांडा धान्य भरून निघाला. फाट्याजवळच्या तळ्यावर कवड्या पाणी पीत होता. शेजारी दगडाच्या खाणीतला एक गाडीचा बैल होता, खांद्याला घट्टे पडलेला.

"आमच्याबरोबर आलेली माणसं तुमच्याकडे आहेत का?" कवड्याने विचारले.

"आहेत. आधीच्या दोन वर्षांचीही आहेत," खाणीतला बैल म्हणाला. "संध्याकाळी आमच्या मानेवरचं जू उतरतं. त्यांच्या हातातली छिन्नी सुटते, पण पायातला साखळदंड सुटत नाही. आम्हाला बांधतात ते वाघ नेईल म्हणून. त्यांना बांधतात ते घरी जातील म्हणून."

कवड्याने पाण्यातून तोंड काढले. तो घाट उतरला तेव्हा घंटा नेहमीसारखीच वाजत होती, पण तो आवाज त्याला ऐकवत नव्हता. तीन वर्षे ती माणसे याच आवाजामागून वर गेली होती.

पुढच्या वर्षी बारावी चढण आली. भद्रेने कवड्याची शिंगे रंगवायला हळद आणि गेरू आधीच बांधून घेतला. ती त्याच्या कानाशी म्हणाली, "लबाडा, तू लोळणार हिरव्या गवतात आणि मी फुंकणार चूल. जरा लाज वाटू दे." तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते ती धुरावर ढकलत होती.

निघायच्या दिवशी कल्याणक सतरा माणसे घेऊन हजर झाला. त्यांत पोवळी होती, केतकची धाकटी बहीण. तिच्या कमरेला एक नवे चामडी पायताण बांधलेले होते, पुरुषाच्या मापाचे.

"दादानं निरोप धाडलाय, ये म्हणून," तिने चुलीपाशी भद्रेला सांगितले. "त्याच्याकडं वर मोठं काम आहे, हाताखाली माणूस लागतं म्हणे. जाताना त्याचं पायताण फाटलेलं होतं, आजी. अंदाजानंच माप घेतलंय. बसेल ना?"

कवड्याने ते ऐकले. सगळा तांडा निघाला तसा तोही निघाला, आणि निम्मा घाट चढेपर्यंत त्याने काहीच केले नाही. नुसत्या रानात बसून उपयोग नव्हता. तिथे कल्याणक माणसांना घेऊन पायवाटेने पुढे गेला असता. घाटाच्या मध्यावर राजाचा जकातनाका होता. तिथे वाट दोन बैलांपुरती अरुंद होती, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. नाक्यावर शिपाई होते आणि रुद्रिल नावाचा एक चिडका पण सरळ नाकेदार होता.

नाक्याच्या दारातच कवड्या बसला.

 मग मागे ओरड पोचली, "पुढारी बसला! वाघ! वाघ!" तांड्यातल्या लोकांनी दुसरा कसला विचारच केला नाही. गोण्या उतरल्या, ढोल निघाले, भाले निघाले. दिवसभर त्यांनी वरचे रान धुंडाळले. एक साळिंदर, दोन ससे आणि मधाचे एक पोळे सापडले. तिघांना माशा चावल्या. दुसऱ्या दिवशी दरड पाहायला लोक कड्यावर चढले. दरड जागच्या जागी होती. मग कोणी म्हणाले, पोट बिघडले असेल. म्हणून ओवा आला, हिंग आला, शेवटी गूळ आला. गूळ पाहून बोधिसत्त्वाचे मन हलले नाही असे नाही. त्याने गूळ खाल्ला, ओठ चाटले आणि पुन्हा बसून राहिला.

"अहो नायक," रुद्रिल खेकसला, "माझ्या दारात तुमचा बैल ठाण मांडून बसलाय. खालून तेलाचे दोन तांडे येऊन थांबलेत. उठवा त्याला."

"उठवता येत नाही, नाकेदार. कायदा आहे," पालित म्हणाला. पण त्याचा चेहरा उतरला होता. वाघ नाही, दरड नाही, दुखणे नाही. म्हणजे आता उरला तो घाणा. कवड्याचे लहानपण त्यानेही पाहिले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी कल्याणक पालितजवळ येऊन बसला. "नायक, म्हातारा झालाय तो. म्हातारपणी माणसंही हट्टी होतात, हा तर बैल. माळ काढा, तरण्या बैलाला घाला. माझी माणसं ताटकळलीत हो, मला त्यांचं बघवत नाही." असे म्हणताना त्याने खरोखर डोळे पुसले. गोगलगाय आणि पोटात पाय, अशी माणसे रडूही शकतात.

पालितने माळ काढली. भुंग्या नावाचा एक काळा तरणाबांड बैल होता. या माळेवर त्याचा दोन वर्षांपासून डोळा होता. घंटा गळ्यात पडताच त्याने छाती काढली, मान इकडून तिकडे हलवून दोनदा उगाच वाजवली आणि कवड्याला वळसा घालून ऐटीत पुढे निघाला. दहा पावले गेल्यावर त्याच्या लक्षात आले की समोर कोणाचेच शेपूट नाही. त्याने मागे पाहिले. कवड्या त्याच्याकडे शांतपणे पाहत होता, भुंग्या पहिल्यांदा घाटात आला त्या दिवशी पाहत होता तसाच. भुंग्या परत आला आणि कवड्याला खेटून बसला. लोक हसले, पण भद्रा हसली नाही.

तीन दिवस चुलीपाशी बसून ती एकच गोष्ट पाहत होती. पोवळी चुलीजवळ, उताराच्या बाजूला असली की कवड्या निवांत रवंथ करी. ती वाटेकडे, चढाच्या बाजूला गेली की तो उठे, तिच्यापुढे आडवा होई आणि पुन्हा बसे. आत्तासुद्धा पोवळी वर निघालेल्या भुंग्याच्या मागे दोन पावले गेली होती आणि कवड्या तिच्या पायांशी आडवा होता.

"पोरी," भद्रेने विचारले, "भावाचा निरोप आला, तो कोणाकडून?"

"कल्याणकदादांकडून."

"खूण काय पाठवली? तुमच्या घरातली एखादी गोष्ट सांगितली? तुला लाडानं काय म्हणतो ते सांगितलं?"

पोवळी विचारात पडली. "नाही. नुसतं बोलावलंय म्हणाले."

भद्रेच्या हातातली पळी खाली आली. ती चुलीपासून उठली. मग मोठ्याने म्हणाली, "पालित, इकडे ये. गेल्या वर्षी चढताना मी रोज बावीस पत्रावळी जास्त लावल्या. त्याआधी तीस. त्याच्या आधी पंचवीस. उतरताना मी एकदा तरी एक पत्रावळ जास्त लावली का रे? तीन वर्षांत एक माणूस आईला भेटायला खाली आलं नाही? मी मेली वाढत राहिले आणि मोजत राहिले, पण दोन्ही आकडे कधी शेजारी ठेवले नाहीत. वाघ पुढं नाही, पालित. तो आपल्याच पंगतीत जेवतोय."

पालितला हे कळत नव्हते असे नाही. त्याने तीन वर्षे डोळ्यांवर कातडे ओढून घेतले होते. तो खालच्या मानेने म्हणाला, "आई, आपण मीठ वाहतो. सोबतीला कोण चालतं, कुठं वळतं, ते ज्याच्या त्याच्या पायानं. त्यात आपला काय दोष?"

तेव्हा बोधिसत्त्व माणसाच्या वाणीने बोलला. त्या जन्मात तो माणसांशी एवढा एकदाच बोलला.

"नायका, मीही असंच म्हणत होतो. मी पुढे बघून चालणारा बैल, मागचं मला काय? पण ती माणसं माझ्या घंटेमागून वर गेली. तांडा ओळखीचा, नायक भला, आजीच्या हातचं जेवण, म्हणून त्यांना भीती वाटली नाही. कल्याणकवर त्यांचा विश्वास नव्हता, आपल्यावर होता. दगडाच्या खाणीत त्यांच्या पायांत साखळ्या आहेत. या पोरीचा भाऊ तिथे आहे. त्यानं तिला बोलावलेलं नाही. मला घाण्याला जुंप हवं तर, मी जाईन. पण ही सतरा माणसं माझ्या मागून तिथे जाणार नाहीत."

पोवळीने पायताण छातीशी धरले. पालितने तोंड झाकून घेतले.

कल्याणक मात्र हसला. "बैल बोलतो आणि शहाणे लोक ऐकतात! यांनाच विचारा ना, राजीखुशीनं आलेत की नाही!"

"विचारतो," रुद्रिल म्हणाला. तो नाक्यावर वीस वर्षे बसला होता. जकात चुकवणारे तुपाच्या घड्यात तळाशी काय लपवतात ते त्याला ठाऊक होते. "पण एकत्र नाही. एकेकाला आत पाठवा, आणि तुम्ही बाहेर थांबा."

त्याने प्रत्येकाला पाणी दिले, बसवले आणि एवढेच विचारले, की तू कुठे निघालास? पहिला म्हणाला, राणीच्या आंबराईत. दुसरी म्हणाली, एका सावकाराघरी सूत कातायला. तिसरा म्हणाला, राजाच्या गोठ्यात. पोवळी म्हणाली, भावाकडे. सतरा जण, एक वाट, नेणारा एक, आणि जाण्याची ठिकाणे नऊ निघाली. शेवटचा माणूस बाहेर आला तेव्हा कल्याणक हळूच चढाच्या बाजूला सरकू पाहत होता. वाट अरुंद होती आणि वाटेत दोन बैल बसलेले होते. शिपायांनी त्याला तिथेच धरला.

पालितने भुंग्याच्या गळ्यातली माळ काढून पुन्हा कवड्याच्या गळ्यात घातली.  मग कवड्या उठला, पाठोपाठ भुंग्याही उठला. मिठाच्या गोण्या नाक्यावर राहिल्या. रुद्रिल, शिपाई, तांडेकरी, ढोलवाले आणि पोवळी असे सगळे त्याच्या मागून घाट चढले आणि बोरीच्या फाट्याला वळले.

खाणीत दुपारचे काम चालू होते. घंटा ऐकू आली तशा छिन्न्या थांबल्या. या घंटेचा अर्थ तिथे सगळ्यांना माहीत होता. आणखी माणसे आली. एक जण पुटपुटला, "आता कोणाच्या घरची?" केतकने मान वर केली नाही. मग त्याच्या खांद्याला ओले नाक लागले आणि एक ठिपक्यांची मान त्याच्यापुढे खाली झाली, ती नेमकी जागा पुढे करून. केतकने हात उचलला आणि पट्ट्याखाली खाजवले. तेव्हा कुठे त्याला रडू आले.

शिपायांनी खाणीच्या मालकाला धरले आणि लोहाराकडून साखळ्या तोडल्या. तीन वर्षांत सत्त्याहत्तर माणसे नेली होती. त्यांतली एकाहत्तर जिवंत होती. सहा जणांची नावे इतरांनी सांगितली आणि रुद्रिलने ती दोनदा म्हणून पाठ केली, त्यांच्या घरी सांगायची म्हणून.

पोवळीने भावापुढे पायताण ठेवले. साखळीने त्याचा घोटा सुजला होता, पट्टा पुरेना.

"माप चुकलं की गं तुझं," केतक म्हणाला.

"तुझा पाय चुकलाय," ती म्हणाली. दातांनी पट्ट्याची गाठ सोडून तिने ती सैल बांधली.

परतीच्या वाटेवर नदीकाठचे ते कुरण लागले. बारावी चढण झाली होती. पालित थांबला, हात जोडून म्हणाला, "बाबा, इथून पुढे तू मोकळा. खालची वाट भुंग्या दाखवील." कवड्याने कुरणाकडे पाहिले. गवत गुडघाभर होते, पलीकडे पाणी चमकत होते. तो कडेला गेला, त्याने एक मोठा घास घेतला आणि चावत चावत परत वाटेवर येऊन उभा राहिला. ज्यांना वर नेले त्यांना खाली पोचवायचे राहिले होते. चालता न येणारी दोन माणसे त्याच्या पाठीवर बसली आणि घंटा उताराला लागली.

नाक्यावर भद्रेने पत्रावळी मांडल्या. उतरताना प्रथमच जास्तीच्या पत्रावळी लागत होत्या. एकाहत्तर मांडून झाल्यावर तिने आणखी सहा मांडल्या आणि त्यांवर भात वाढला. 

हे ऐकून अंबुधर राजाने कल्याणकला आणि खाणमालकाला शिक्षा दिली आणि सगळ्या नाक्यांवर नवा नियम केला. मिठाआधी माणसांची विचारपूस करायची. प्रत्येकाला वेगळे बसवून कुठे चालला ते विचारायचे, आणि वर गेलेला माणूस परतीच्या हंगामात दिसला नाही तर त्याला शोधायला जायचे. पुढच्या वर्षी कवड्या रिकाम्या पाठीने घाट चढला, शेजारून केतक आणि पोवळी चालत होते. शिंगे भद्रेने स्वतः रंगवली. "लाज वाटू दे म्हटलं होतं ना," ती म्हणाली, "ते परत घेते." मग तिने त्याला कुरणात सोडले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, विहारात सांगितली ती एका प्रश्नावरून. भिक्षू पुण्यरथ याने विचारले होते, "भन्ते, पुढे चालणाऱ्याने आपली वाट नीट पाहावी, मागून येणारा कुठे जातो, याची चिंता त्याने का करावी?" कथा संपवून शास्ते म्हणाले, "पुण्यरथ, त्या वेळचा पालित तूच होतास. मान वर कर, तू माळ परत घातलीस तेही मला आठवतं. भद्रा म्हणजे आपली वृद्ध भिक्षुणी रोचना. सगळ्यांची पात्रं भरली का ते पाहिल्याशिवाय ती आजही घास घेत नाही. समोर बसलेली उपासिका चंपिका म्हणजे पोवळी, शेजारी बसलेला तिचा भाऊ म्हणजे केतक. रुद्रिल म्हणजे दारावरचा चिडका स्थविर ऋषिल. आणि चीवराच्या घड्या अजून फार निरखून घालतो तो भिक्षू अतुल म्हणजे भुंग्या." सगळे हसले, अतुलही हसला.

"आणि कल्याणक, भन्ते? तो आज कोण?" चंपिकेने विचारले.

शास्त्यांनी तिच्याकडे पाहिले. मग म्हणाले, "तो इथे नाही. त्याचं नाव सांगून उपयोग नाही, ते तो दर जन्मी बदलतो. कोणी गोड बोलून तुमच्या दाराशी माणसं न्यायला आला, तर एवढंच विचारा, की आधी नेलेली कुठे आहेत? आणि उत्तर मिळेपर्यंत वाटेतून उठू नका."

"तो पुढारी बैल मी होतो," ते म्हणाले. "आपल्या घंटेमागून येणाऱ्यांकडे मागे वळून पाहावं, ही करुणा मी तिथे शिकलो."